वारसा सांगायचा कोणी?

(दिवा येथील एका शाळेच्या सभागृहात, आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी, पालक आणि मुलांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



रविवारची सकाळ ही दिव्यातील कुटुंबाची केवढी मोलाची संपत्ती आहे, हे मी जाणतो. आठवड्याचे सहा दिवस आपण पहाटे घर सोडतो, गाडीच्या दारात उभे राहून प्रवास करतो आणि मुले झोपल्यावर परततो. आई-वडील आणि मुले यांची शांतपणे भेट होते ती रविवारीच. त्यातला दीड तास आपण या विषयाला दिलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

आजचा विषय आहे ‘मुले, कुटुंब आणि संग्रहालय’. विषय ऐकून काहींना वाटले असेल की, ज्यांना मोकळा वेळ आहे आणि मोकळा पैसाही आहे, त्यांच्यासाठीचा हा विषय आहे. माझी आपणांस विनंती आहे की, हा समज काही काळ बाजूला ठेवावा.

आपल्या संस्कृत नाट्यवाङ्मयात दोन प्रसंग आहेत. पहिला भासाच्या ‘प्रतिमानाटका’तील. भरत आजोळाहून अयोध्येकडे निघाला आहे. नगराबाहेर एक प्रतिमागृह दिसते, म्हणून तो आत जातो. समोर पाषाणातील प्रतिमा उभ्या आहेत. या देवता असाव्यात असे समजून तो नमस्कार करू लागतो, तेव्हा तेथील देवकुलिक त्याला थांबवतो आणि एकेका प्रतिमेची ओळख करून देतो. हा दिलीप, हा रघू, हा अज. चौथी प्रतिमा दशरथाची असते. या गृहात केवळ दिवंगतांच्याच प्रतिमा असतात, हे कळते त्या क्षणी आपले वडील गेले हे त्या पुत्राला उमगते. स्वतःच्या पित्याची वार्ता त्याला संग्रहालयाच्या रक्षकाकडून कळते!

दुसरा प्रसंग भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील. भवभूती हा आपल्या विदर्भातील पद्मपूरचा. पहिल्याच अंकात लक्ष्मण चित्रे दाखवतो. राम, सीता आणि लक्ष्मण एकत्र बसून आपल्याच आयुष्याची चित्रे पाहतात. एक चित्र पाहून एकाला काही आठवते, दुसरा त्यात भर घालतो, कोणी हसतो, कोणाचे डोळे भरून येतात. चित्रे पाहता पाहता सीतेच्या मनात पुन्हा वनात जाण्याची, भागीरथीत स्नान करण्याची ओढ जागी होते. पुढील करुण कथा आपण सारे जाणताच. पण त्या घटकेपुरते ते एक कुटुंब आहे आणि ते आपला इतिहास एकमेकांना सांगत आहे.

भरताला त्याचे पूर्वज रक्षकाने सांगितले आणि रामाच्या घरात ते काम घरच्यांनीच केले. मला आज आपल्याला एवढेच विचारायचे आहे की, आपल्या मुलांना त्यांचा वारसा कोणी सांगायचा?

हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथाने शिकवला नाही. तो माझ्या मुलीने विचारला.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो होतो. या संग्रहालयाची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, हे चष्म्यांचा व्यवसाय करणारे गृहस्थ. त्यांचा मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. त्या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह वाढवला, गावोगाव हिंडून, पदरचे पैसे खर्चून. आणि पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. राजेमहाराजांची रत्ने त्यांनी गोळा केली नाहीत. त्यांनी जमवले अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी, फण्या, खेळणी, दरवाजे, वाद्ये आणि दिवे. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा ठेवा त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका हरपलेल्या मुलासाठी केलेला संग्रह सर्वांच्या मुलांचा झाला.

तेथे दिव्यांसमोर माझी मुलगी थांबली. साखळीने टांगलेल्या एका दिव्याकडे बोट दाखवून तिने विचारले, “बाबा, हे काय आहे?” मी पाटी वाचून उत्तर दिले, “लामणदिवा.” मागून माझी आई शांतपणे म्हणाली, “अरे, असाच आपल्याकडे होता की. तुझ्या आजीच्या देवघरात.”

होता! चाळीतील खोली सोडून सदनिकेत येताना जागा नाही म्हणून ज्या वस्तू भंगारवाल्याला दिल्या, त्यांत तो होता. किलोच्या भावाने मीच तो विकला होता. आणि ज्याचे पैसे मी घेतले, तसाच दिवा काचेमागे ठेवलेला पाहण्यासाठी मी तिकीट काढून पुण्याला आलो होतो. त्या क्षणी मला प्रतिमागृहातील भरत आठवला.

परंतु पुढे जे घडले, ते अधिक महत्त्वाचे आहे. आई नातीला सांगू लागली. दिव्यांच्या अवसेला तो दिवा खाली कसा उतरवायचा, चिंच आणि राख लावून साखळीची एकेक कडी कशी घासायची, कणकेचे गोड दिवे कसे उकडायचे, पाटावर सारे दिवे मांडून पूजा कशी करायची. पाटीवर यातले काहीही नव्हते. पाटीवर असते ते नाव, धातू आणि काळ. त्या वस्तूभोवतीचे जगणे माझ्या आईजवळ होते. दिवा गेला होता, पण दिव्याची गोष्ट अजून घरात होती. मी ती तोवर कधी विचारली नव्हती, एवढेच.

बंधू-भगिनींनो, संग्रहालयाचे खरे कार्य मला त्या दिवशी कळले. तेथे आजी बोलती होते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालय उभारले. ‘हात लावू नका’ या पाटीने वाढलेल्या आपल्या पिढीला नवल वाटावे, अशी ही गोष्ट आहे. पाहण्याबरोबर करणे आणि ऐकण्याबरोबर विचारणे, हा अशा संग्रहालयांचा पाया असतो. मातीकाम, चित्रे, कथाकथन यांत मुलांसोबत पालकांनीही बसावे, अशी तेथे अपेक्षा असते. कारण मूल एकटे पाहते तेव्हा ते माहिती घेते. घरच्यांसोबत पाहते तेव्हा ते नाते घेते.

भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले. आपल्या धीम्या गाडीने थेट जाता येते. तेथे मुंबईतील नाना समाजांच्या, नाना व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तुटला आणि मग तुकडे जोडून येथे उभा केला गेला. मुलांना ही गोष्ट सांगा. वारसा तुटतो कसा आणि जोडता कसा येतो, हे त्या एका हत्तीकडे पाहून त्यांना कळेल.

जाल तेव्हा एक पथ्य पाळा. सगळी दालने पाहण्याचा अट्टहास करू नका. एक दालन आणि तीन वस्तू पुरेत. मुलांना त्या वस्तूंचे चित्र काढू द्या. आणि आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका. त्यांच्या चालीने चाला.

काही जण म्हणतील, “दिव्यात असे संग्रहालय कोण बांधून देणार?” त्यांना मी आपल्याच गाडीचे उदाहरण देतो. दिव्याहून सावंतवाडीला गाडी सुटते. गणपतीत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गाडीने कुडाळला उतरलात की जवळच पिंगुळी गाव आहे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या ही त्या गावाची ओळख. चित्रांची पोथी समोर धरायची आणि एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगायची, ही ती कला. टाळ, वीणा, हुडूक हे तिचे साथीदार. ही कला विझू नये म्हणून परशुराम गंगावणे यांनी काय केले? त्यांनी इमारतीची वाट पाहिली नाही. आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, आणि ती योग्यच होती. परंतु पद्मश्रीच्या कितीतरी आधी त्यांनी आपला गोठा दिला होता. पुढची पिढीही त्याच कामात उभी आहे. गोठ्यात संग्रहालय होऊ शकते, तर शाळेच्या या सभागृहात का होऊ नये?

दिव्यात आज कोण राहते? खाडीकाठची मूळ आगरी-कोळी घरे आहेत. कोकणातून, घाटावरून, खानदेश-मराठवाड्यातून आलेली आहेत. अन्य प्रांतांतून आलेलीही आहेत. प्रत्येक घराच्या माळ्यावर एक गाव बांधून ठेवलेले आहे. कोणाकडे पाग असेल, कोणाकडे पायली-मापटे, कोणाकडे जाते, कोणाकडे आजीची गोधडी. आगरी लग्नात धवलारीण जी धवले गाते, ती आपल्या शेजारच्या इमारतीतील मुलाने कधी ऐकली आहेत का? एका जिन्यावर राहणारी माणसे एकमेकांचा वारसा जाणत नसतील, तर आपण समाज म्हणून एकत्र आहोत, असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून माझा एक साधा प्रस्ताव आहे. महिन्यातून एका रविवारी, दोन तास, येथेच जमावे. प्रत्येक घराने एकच वस्तू आणावी. मुलाने तिच्यासाठी स्वहस्ते एक पाटी लिहावी. वस्तूचे आपल्या बोलीतील नाव, ती कोणाची, कोणत्या गावची आणि तिच्याने काय करीत असत. ही माहिती त्याने पुस्तकातून घ्यायची नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहायची. वस्तू संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी परत जाईल. ज्या घरात वस्तूच उरलेली नाही, माझ्यासारख्यांच्या, त्यांनी तिचे चित्र काढून आणावे. त्याला कपाट लागत नाही, निधी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. लागतो तो घरच्यांनी एकमेकांना दिलेला वेळ. तो दुर्मीळ आहे, हे मान्य; म्हणूनच तो द्यायचा.

प्रारंभ दूर नाही. याच आठवड्यात आषाढाची अमावास्या आहे, दिव्यांची अवस. पुढच्या रविवारी प्रत्येक घराने एक दिवा आणावा. समई असो, निरांजन असो, पणती असो, गावाकडचा कंदील असो, वीज गेल्यावर लावायची चिमणी असो. आमच्या घरून माझी मुलगी एक चित्र आणणार आहे. दिवा तिने पुण्यात पाहिला तसा आहे, साखळीच्या कड्या मात्र आजीला विचारून मोजून काढल्या आहेत. चित्राखाली तिने माझ्या आजीचे नाव लिहिले आहे.

ते नाव तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या मुलांना आपल्या आजीचे नाव ठाऊक आहे का, एवढे आज घरी गेल्यावर विचारून पाहा.