पाइपातून किती जातं, नळाला किती येतं
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपण विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पोटापाण्यासाठी आलो. पोटाची सोय झाली, पाण्याची अजून चालू आहे!

१९८२ च्या आशियाई खेळांत ज्या रामगढ बांधात नौकानयनाच्या स्पर्धा झाल्या, तो या शतकाच्या सुरुवातीला कोरडा पडला. २००९ पासून जयपूरला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी मिळतं. ते सुमारे १२० किलोमीटरवरून येतं. त्यामुळे गळतं ते नुसतं पाणी नव्हे, पंपाची वीजही.

किती गळतं? माझा जन्म पाइपांच्या धंद्यात गेला, म्हणून हिशेब मांडतो. ६ मिलिमीटरचं भोक आणि १० मीटर दाब असेल तर तासाला साडेआठशे लिटर पाणी जातं. माणशी १३५ लिटर धरा, सहा जणांचं दिवसभराचं पाणी झालं. अशी भोकं मोठ्या लाइनपेक्षा घरांच्या जोडण्यांत जास्त असतात. ती शोधायची वेळ रात्री दोन ते चार. सगळे झोपलेले, टाक्या भरलेल्या, तरी भागाचा मीटर पळतोय, म्हणजे गळती नाहीतर चोरी. पण ठराविक वेळच पाणी सुटतं तिथे रात्री पाइप रिकामा. तपासणार काय?

आता बूस्टर. काहींना राग येईल, येऊ द्या. नळाला थेट जोडलेला पंप सरकारचं नाही, शेजाऱ्याचं पाणी ओढतो. मग शेजारी त्याहून मोठा पंप आणतो. दाब शून्याखाली गेला की ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं, त्यातूनच गटाराचं आत येतं. घरात लहान मूल असेल त्यांनी हे विशेष ऐकावं.

२००८ मध्ये बेळगाव, हुबळी आणि धारवाडच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. आधी नव्या लाइन टाकल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला. कराडकडच्या मंडळींना मलकापूर ठाऊक आहेच. तिथेही मीटर लावूनच चोवीस तास पाणी दिलं. दाब कायम राहिला की बूस्टर कोण कशाला लावील?

तोवर एवढं करता येईल. नळ जमिनीतल्या टाकीत सोडा, पंप त्या टाकीवर लावा. मात्र सगळ्या गल्लीने एकाच दिवशी करायला हवं, नाहीतर पहिला काढणारा तहानलेला राहील. टाकीचा कच्चा नकाशा आणलाय. आरतीनंतर मागच्या खोलीत बसू, प्रत्येक गल्लीतून एकाने तरी यावं.