द्राक्षाचं कवच तंबाखूला : आपण काय विचारावं?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



निपाणी म्हटलं की तंबाखू. १९८१ साली रास्त भावासाठी इथल्या तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला होता. आज आम्ही भावाबद्दल नव्हे, तंबाखूवर झालेल्या एका प्रयोगाबद्दल बोलणार आहोत.

रोग पडला की आपण फवारणीचा पंप पाठीला लावतो. पण झाडही गप्प बसत नाही. बुरशी शिरली की ते स्वतःच तिला मारक द्रव्य तयार करतं. म्युलर आणि बोर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९४० साली बटाट्याच्या करप्यावर काम करताना हे मांडलं आणि अशा द्रव्यांना ‘फायटोअलेक्झिन’ म्हटलं. द्राक्षवेलीचं असं द्रव्य म्हणजे रेस्व्हेराट्रॉल. त्याला लागणारा कच्चा माल तंबाखूतही असतो. नसतो तो फक्त एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्या विकराचं द्राक्षातलं जनुक तंबाखूत घातल्याचा प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. करड्या बुरशीला ही झाडं अधिक नेटानं तोंड देऊ लागली.

पण फुकट काही मिळत नाही. तोच कच्चा माल झाडाला फुलांच्या रंगासाठी आणि परागांसाठीही लागतो. हे जनुक सतत जोरात चालू ठेवलं, तेव्हा फुलांचा रंग बदलला आणि पराग वांझ निघाले. तेही १९९७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे जनुक घालणं हे निम्मं काम. ते रोग आल्यावरच जागं व्हावं, हे उरलेलं निम्मं.

पराग वांझ निघाले तर घरचं बियाणं धरणाऱ्यानं काय करायचं? २००१च्या वाण संरक्षण कायद्यानं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. पण बीच धरलं नाही, तर तो हक्क कागदावरच राहील.

आमचा विज्ञानाला विरोध नाही. फवारणीचा खर्च आणि विषाचा धोका कमी होणार असेल, तर ते हवंच आहे. मात्र असं कोणतंही वाण येण्याआधी रोग किती थांबला, उत्पन्न किती आलं, बी धरलं का, हे चाचणीचे आकडे खुले करावेत. २०१० साली बीटी वांग्याच्या निर्णयाआधी जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. तशा सुनावण्या आपल्या भागातही व्हाव्यात, कन्नडबरोबर मराठीतूनही व्हाव्यात. ज्याच्या रानात पीक उभं राहणार, त्याला त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे.