हिरड्यांची निगा
(वार्षिक सभेतील भाषण)



हिरड्यांतून रक्त आले की अनेक जण त्या बाजूस ब्रश लावणेच सोडतात. वस्तुतः दातांच्या मुळाशी साचलेला जंतूंचा थर हेच बहुधा त्याचे कारण असल्याने, स्वच्छता थांबताच सूज वाढते. आपल्याकडे कित्येक भगिनी अशा वेळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्यांची हानी होते व मुखाच्या कर्करोगाचा धोका संभवतो.

उपाय साधे आहेत. मऊ ब्रशने दिवसातून २ वेळा, प्रत्येकी २ मिनिटे, हलक्या हाताने दात घासावेत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्यास आराम पडतो. २ आठवड्यांत रक्त न थांबल्यास दंतवैद्यांस दाखवावे; मधुमेही व गर्भवतींनी तेवढीही वाट पाहू नये. उपेक्षेने दातांखालील हाड झिजते आणि झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

जमाखर्च पाहणाऱ्या माणसास एवढे निश्चित कळते, की कवळीच्या खर्चापुढे मऊ ब्रशचा खर्च नगण्य आहे. आपल्या घरातील मशेरीची डबी आजच दूर करावी, ही नम्र विनंती.