इंजिन सुरू झालं, आता हात कुठे?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, पहिलं ग्लो इंजिन घेतलंय, सुरू कसं करू?" सांगतो. पण आधी माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची गोष्ट. त्यावर चार टाक्यांची खूण आहे. कॉलेजात असताना इंजिन पहिल्यांदा नीट सुरू झालं, आणि मी आनंदाच्या भरात समोरूनच हात घालून प्लगची क्लिप काढायला गेलो. दुखलं नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं.

का कळलं नाही? हिशोब बघा. १० इंची प्रोपेलर, मिनिटाला १०,००० फेरे. दोन पाती आहेत, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा पातं जातं. टोकाचा वेग ताशी साधारण ४८० किलोमीटर. आपल्याला दिसते फक्त धूसर चकती, म्हणून वाटतं तिथे काही नाहीच.

तर नियम एकच: चकतीच्या समोर नाही, बाजूला तिच्या रेषेतही नाही. कायम मागे. पातं तुटलं तर तुकडा त्या रेषेतच उडतो, त्यामुळे बघायला आलेल्या मित्रांनाही मागेच उभं करा.

सुरू करण्याआधी पातं तपासा. बारीक चीर दिसली तरी फेका, चिकटवू नका. नट घट्ट आहे ना? गळ्यातलं आयडी कार्ड, ओढणी, हुडीची दोरी काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. एकाला विमान मागून घट्ट धरायला सांगा. थ्रॉटल कमी ठेवा आणि बोटाने पातं फिरवू नका, काठी किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर वापरा.

सुरू झालं की पंखाला वळसा घालून मागे जा. मगच क्लिप काढा, नीडलही मागूनच फिरवा.

इंधनात मिथेनॉल असतं. ते विषारी आहे, आणि भर उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. कॅन लांब आणि झाकण लावून ठेवा.

इलेक्ट्रिकवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. घरी सेटिंग करताना बॅटरी जोडण्याआधी प्रोपेलर काढून ठेवा. पातं अडलं तर इंजिन कदाचित बंद पडेल, मोटर मात्र जोर लावतच राहते.

आज एवढंच करा: इंजिन बंद असताना तो मागचा वळसा दहा वेळा घालून बघा. आणि थ्रॉटल पूर्ण बंद केल्यावर कार्ब्युरेटर खरंच बंद होतो का, तेही तपासा. सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते माहीत हवं. भेटू पुढच्या भागात, दहाही बोटांसकट!