नवशिक्या नेमबाजाची रायफल

ज्या वर्धा जिल्ह्यांत 1936 सालीं महात्मा गांधी सेगांवीं राहावयास आले, तेथील गृहस्थांसमोर रायफलीची निवड हा विषय मांडणें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु 1951 सालीं नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था स्थापन करण्यांत ज्यांचा पुढाकार होता, ते गणेश वासुदेव मावळंकर गांधीजींचेच अनुयायी होते. पुढें 1952 सालीं ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि नेमबाजीची एक अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्या नांवानें भरते. लक्ष्यवेध हा कोणाचा जीव घेण्याचा अभ्यास नव्हे. श्वास, दृष्टि आणि बोट हीं तिन्ही एका क्षणीं स्थिर करण्याचा तो अभ्यास आहे.

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं 2024 सालीं पॅरिस ऑलिंपिकांत 50 मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. अशा यशाची वार्ता ऐकून, किंवा महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेंत .22 ची रायफल हाताळून, एखादा तरुण घरीं रायफलीचा हट्ट धरतो. तेथें पालकांची पहिली परीक्षा होते. कारण चुकीच्या निवडीनें पैसा जातो तो जातोच, शिवाय मुलाच्या हातास लागलेली वाईट संवय वर्षानुवर्षें सुटत नाहीं.

पहिला मोह पडतो तो .315 च्या रायफलीचा. इछापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल भक्कम म्हणून प्रसिद्ध आहे, आणि जुन्या शिकारी घराण्यांतून ती पाहावयास मिळते. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा काळ संपला. बोरचें अरण्य तर 2014 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. लक्ष्यवेधाच्या विद्यार्थ्यास ही रायफल गैरसोयीची. तिचा धक्का खांद्यास जोरानें बसतो. दहा-वीस बारांनंतर खटका ओढण्यापूर्वींच डोळा मिटूं लागतो आणि अंग आक्रसतें. शिवाय ऑलिंपिकच्या 50 मीटर प्रकारांत .22 चेंच काडतूस चालतें.

.22 चा धक्का नाममात्र असतो. म्हणून चूक झाली तर ती कोणाची, हें स्पष्ट दिसतें. पन्नास मीटरवरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें 10.4 मिलिमीटर व्यासाचें असतें. एवढ्या सूक्ष्म कामास बोल्टची रचना विशेष अनुकूल आहे. हातानें बोल्ट मागें घ्यावा, काडतूस घालावें, बोल्ट पुढें सारून घट्ट बसवावा. बार उडतांना आंतील दुसरें काडतूस भरणारा कोणताही भाग हलत नाहीं. आणि दर बारानंतर नेमबाजास क्षणभर थांबून विचार करणें भाग पडतें.

आतां कारखान्यांची निवड. आन्शुट्झ आणि वाल्थर या दोन्ही नामांकित जर्मन पेढ्यांचा उगम थुरिंगियांतील झेला गांवीं झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर दोघींनींही उल्म शहरीं बस्तान बसविलें. आन्शुट्झच्या 1903 या नमुन्यांत त्या पेढीची 64 क्रमांकाची साधी यंत्ररचना आहे, तर 1907 व 1913 यांत 54 क्रमांकाची अधिक भारी रचना आहे. हा फरक अनुभवी नेमबाजाच्या उपयोगाचा. नवशिक्याचे बार पसरतात ते बहुधा त्याच्या आसनामुळें, यंत्रामुळें नव्हे. त्यानें पाहावें तें दस्त्याकडे. दस्त्याची लांबी, गालाखालील आधार आणि खांद्याशीं टेकणारा भाग हे कमीजास्त करतां येतात काय? डोळे मिटून रायफल खांद्याशीं घ्यावी. डोळे उघडतांच डोळ्याजवळचें छिद्र आणि नळीच्या टोकाचें कडें एका रेषेंत दिसलें, तर दस्ता अंगास बसला. मान वाकवावी लागली, तर नाहीं. नियमानुसार रायफलीचें वजन 8 किलोपर्यंत चालतें. पण वाढत्या वयाच्या मुलाच्या पाठीवर तो भार घालण्याचें कारण नाहीं. डावखुऱ्यानें डाव्या बाजूचा बोल्ट मागावा.

काडतुसाचा विचार सहसा मागाहून केला जातो. वास्तविक तो आधीं करावा. एकाच पेढीचीं, एकाच नांवाचीं काडतुसें निरनिराळ्या वेळीं तयार झालेलीं असतील, तर एका नळींतून एक घाणा दाट पडतो आणि दुसरा विखुरतो. म्हणून रायफल टेकवून दहा-दहा बार काढून पाहावे, व जो घाणा जुळेल तोच साठवावा. भारी रायफलीसाठीं सर्व रक्कम खर्चून सरावास काडतुसें न उरणें, याला शहाणपण म्हणत नाहींत.

.22 च्या रायफलीस 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना लागतो. ठराविक शक्तीच्या आंतील 4.5 मिलिमीटरच्या वायुरायफलीस तो लागत नाहीं. म्हणून दहा मीटरवर वायुरायफलीनें प्रारंभ करणें हाच सरळ मार्ग. वर्ष-दोन वर्षें शिक्षकाच्या देखरेखीखालीं आसन पक्कें झालें, दर आठवड्यास जातां येईल असें 50 मीटरचें मैदान ठरलें, म्हणजे मग परवान्याचा अर्ज करावा. आणि क्लबाची रायफल वापरून स्वतःचें माप कळल्यावरच पैसे मोजावे.

प्रथम मैदान, मग देह, मग काडतूस आणि शेवटीं पेढीचें नांव, हा क्रम ज्या घरांत पाळला जाईल, तेथील मुलास साधी रायफलही पुरेल. तो क्रम उलटला, तर उल्मची उत्तमोत्तम रायफलसुद्धां कपाटांत कुलूपबंद होऊन पडेल.