धनगराचा कुत्रा घरीं आणतांना

हिंगोलीपासून थोड्या अंतरावर, कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें गांव आहे. एका परंपरेप्रमाणें हें नामदेवांचें जन्मस्थान. नामदेवांची म्हणून जी एक कथा महाराष्ट्रांत लहान मुलांना सांगतात, तींत कुत्रा भाकर तोंडांत धरून पळतो आणि नामदेव तुपाचें भांडें घेऊन त्याच्यामागें धांवतात; कोरडी भाकर देवानें खाऊं नये, एवढाच त्यांचा आग्रह. या कथेंतला कुत्रा गांवकुसांतला आहे. माणूस दिसला कीं पळावें हें तो जन्मतः शिकलेला आहे. त्याच परिसरांतल्या माळावर मेंढरें राखणारा कुत्रा मात्र पळत नाहीं. तो उभा राहतो. शहरांतील एखादें सुशिक्षित कुटुंब असा वाढलेला कुत्रा हौसेनें घरीं आणतें तेव्हां या एवढ्या फरकाकडे त्याचें लक्ष नसतें, आणि पुढच्या बहुतेक अनर्थाचें मूळ तेथेंच असतें.

हिंगोली जिल्हा परभणीपासून निराळा झाला तो १९९९ सालीं. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पांच तालुके. हळद, सोयाबीन, ज्वारी यांचा हा मुलूख. पण जमीन जेथें हलकी आणि चढउताराची आहे तेथें हटकर धनगरांची जुनी वस्ती आहे. पीक निघाल्यावर धनगर आपलीं मेंढरें शेतांत बसवितो. शेतकऱ्यास खत मिळतें, धनगरास धान्य वा पैसा मिळतो. अंधार पडला म्हणजे मेंढरें जाळीच्या कुंपणांत जातात, धनगर घोंगडी पांघरून कडेला आडवा होतो, आणि कुत्र्याचा खरा दिवस तेव्हां उगवतो. दक्षिणेच्या या माळरानांत लांडगा अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मारण्याची बंदी केली आहे, त्यामुळें मेंढरांची राखण पूर्वींपेक्षां अधिकच कुत्र्यावर पडते. चोराचें भय तर लांडग्याहून जुनें. रात्रीं कुंपणाजवळ जें जें अनोळखी येईल त्याच्या आडवें जाणें हा या कुत्र्याचा धंदा आहे. परक्यास पाहून जो शेंपूट हालवील तो कुत्रा धनगर ठेवणारच नाहीं.

ही वृत्ति त्यास कोणी शिकविलेली नसते. हिमाचलांतला गद्दी कुत्रा, काश्मिरांतला बकरवाल कुत्रा, तुर्कस्तानांतला कंगाल, इटलींतला मारेम्मा, या सर्वांची घडण एकाच रीतीनें होते. पिल्लू डोळे उघडतें तें मेंढरांच्या वासांत. रेमंड कॉपिंजर व त्यांच्या पत्नी लोर्ना यांनीं अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत अशा राखणदार कुत्र्यांचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला. त्यांचें म्हणणें असें कीं, हा कुत्रा शिक्षणानें तयार होत नाहीं, संगतीनें होतो. त्यापूर्वीं स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें होतें कीं, कुत्र्याच्या आयुष्यांत सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सोयरीक जुळण्याचा असतो. त्या काळांत जे जे जीव त्याच्या सहवासांत येतात ते आपले. जे आले नाहींत ते परके. माळावरच्या पिल्लानें त्या दिवसांत मेंढ्या पाहिल्या, धनगराचीं दोनचार माणसें पाहिलीं. दारावरची घंटा, इस्त्रीवाला, शाळेची गाडी, पावसाळी अंगरखा घातलेला टपालवाला, पाळण्यांतलें मूल यांतलें कांहींच त्यानें पाहिलें नाहीं. तो चार वर्षांचा होऊन शहरांत येतो तेव्हां हीं सर्व त्याच्या दृष्टीनें कुंपणाशीं आलेलीं अनोळखी आकृतीच असतात.

असा कुत्रा शहरांत कां येतो, हेंही पाहिलें पाहिजे. कुरणें आंखडलीं, मुलें शिकून नोकरीस लागलीं, म्हाताऱ्या धनगराच्यानें पायपीट होईना, म्हणून कळप विकला जातो. मेंढरांना गिऱ्हाईक मिळतें. कुत्र्यास कोण घेणार? तो देखणा असतो, इमानी असतो, आणि नव्या वसाहतींत घर बांधलेल्या गृहस्थास चोरांची धास्ती असते. सौदा सोपा होतो. आणलेला कुत्रा पहिले आठपंधरा दिवस कोपऱ्यांत पडून राहतो, धड खात नाहीं, कोणावर भुंकत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, किती गरीब आहे! तो गरीब नसतो, गोंधळलेला असतो. आपण कोठें आहों हें त्यास उमगलें नसतें. एके दिवशीं अंगण आपलें आहे असा त्याचा निश्चय होतो आणि त्याच दिवशीं नेहमींचा दूधवाला फाटक उघडून आंत येतो. मग हा कुत्रा बिघडला असें सारें घर म्हणूं लागतें. वास्तविक तो त्या दिवशीं प्रथमच कामावर रुजू झालेला असतो.

यापुढें बहुतेक घरांत काठी निघते. मालकानें आपला वचक बसविला पाहिजे, कळपांतल्या म्होरक्याप्रमाणें कुत्र्यास उताणा पाडून दाबलें पाहिजे, असा उपदेश करणारे शेजारी कोठेंही मिळतात. या समजुतीस एक विद्वत्तेचा आधारही आहे, पण तो कच्चा निघाला. रूडोल्फ शेंकेल यांनीं प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें वर्तन पाहून १९४७ सालीं वर्चस्वाच्या झगड्याचें वर्णन केलें. पुढें डेव्हिड मेक यांनीं मोकळ्या रानांतले लांडगे पाहिले आणि १९९९ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, रानांतला कळप म्हणजे आईबाप व त्यांचीं पोरें यांचें कुटुंब असतें. तेथें म्होरकेपणासाठीं रोज मारामाऱ्या चालत नाहींत. मग कुत्र्याच्या बाबतींत तर काय बोलावें! लांडग्यासमोर मागें न हटण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जनावरास काठीची भीति घालणें म्हणजे त्यास लढाईचें निमंत्रण देणें होय. तो एक तर उलट चावतो, नाहींतर गुरगुरणें सोडून देतो. दुसरा प्रकार अधिक घातक. गुरगुरणें ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली कीं पुढचा दंश कांहीं न सांगतां येतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्यास शिक्षा न करतां समोरच्या माणसास मागें घ्यावें, हा पहिला नियम.

तर मग करावें काय? प्रथम कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावें. कानांतली जखम, किडका दांत, सांध्याचें दुखणें यांनींही कुत्रा चिडका होतो, आणि दुखण्यावर शिक्षणाचा उतारा नसतो. खच्चीकरणानें भटकणें कमी होतें, परंतु राखणीची वृत्ति जात नाहीं. तीच जाईल अशा आशेनें तें करूं नये. जुन्या धन्यास शक्य तर दोनचार दिवस घरीं बोलवावें. त्यानें नव्या मालकाच्या हातची भाकर आपल्या देखत कुत्र्यास घालावयास लावावी, त्याची जुनी घोंगडी निजावयाच्या जागीं अंथरून जावी. परका मुलूख, परकी माणसें, त्यांत एवढा ओळखीचा वास त्यास मोठा आधार असतो.

घराभोंवतीं पुरुषभर उंचीचा पक्का गडगा आणि एकामागें एक दोन फाटकें असावींत, म्हणजे बाहेरचा माणूस आंत येईपर्यंत कुत्रा दुसऱ्या फाटकाआड राहतो. साखळी हा कुंपणाचा पर्याय नव्हे. बांधलेल्या कुत्र्यास पळतां येत नाहीं, म्हणून तो प्रत्येक वेळीं अंगावर येणेंच पसंत करतो. बाहेर नेण्यापूर्वीं जाळीदार मुसक्याची संवय लावावी. बैलास घालतात तसें तोंड आवळणारें मुसकें येथें उपयोगी नाहीं. कुत्र्यास तोंड उघडून धापा टाकतां आल्या पाहिजेत, पाणी पितां आलें पाहिजे. आठदहा दिवस मुसक्यांतच भाकरीचे तुकडे ठेवून तो आपण होऊन तोंड आंत घालील असें करावें, मग पट्टा बांधावा.

खरें शिक्षण यानंतरचें, आणि तें अंतराचें आहे. प्रत्येक कुत्र्याची एक सीमा असते. परका मनुष्य तिच्या पलीकडे असतांना कुत्रा त्यास नुसता पाहतो. अलीकडे आला कीं केंस उभे राहतात. समजा, ही सीमा पन्नास पावलांची आहे. तर ओळखीच्या एखाद्या गृहस्थास साठ पावलांवर शांत उभें करावें. कुत्र्याची नजर त्याच्याकडे गेली कीं लगेच मालकानें उकडलेल्या अंड्याचा वा मांसाचा तुकडा द्यावा. गृहस्थ दिसेनासा झाला कीं तुकडे बंद. रशियांतील पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेंत खुणेबरोबर अन्न येतें हें कळलेल्या कुत्र्यांच्या तोंडास नुसत्या खुणेनें पाणी सुटूं लागलें, तोच हा न्याय. परका दिसणें ही चांगल्या घासाची खूण झाली पाहिजे. आठवडाभरांत पांच पावलें कमी झालीं तरी समाधान मानावें. एखादे दिवशीं कुत्रा भडकला तर अंतर पुन्हां वाढवावें. या कामीं घाई करणाऱ्यांनीं ससा पाळावा.

त्याची राखण मात्र अजिबात बंद पाडूं नये. त्यानें भुंकावें, मालकानें उठून फाटकापर्यंत जावें, पाहावें, आणि 'बस, झालें' असें म्हणून त्यास ठरलेल्या जागीं बसवून घास द्यावा. वर्दी देणें कुत्र्याचें, निर्णय घेणें धन्याचें, अशी ही वांटणी आहे, आणि माळावर धनगराशीं त्याची वांटणी थोडीबहुत अशीच असते. पाहुणे यावयाचे असतील तेव्हां कुत्रा आधींच दुसऱ्या खोलींत असावा. मामा आले, काका आले, त्यांना दाखवूं या, ही हौस सोडावी. रात्रीं तो भुंकणार; शेजाऱ्यांना तें अगोदर सांगून ठेवावें, व रात्रीं त्यास आंत निजवावें.

मुलांच्या बाबतींत मात्र कसलीही सवलत नाहीं. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जाणें, त्याच्या गळ्यांत हात टाकणें, डोळ्याला डोळा लावून पाहणें या तीन गोष्टी मुलांस जितक्या आवडतात तितक्याच या कुत्र्यास असह्य असतात. घरच्या मुलांना तो कदाचित् मेंढरांप्रमाणें आपलीं मानील. पण मग त्यांच्याशीं खेळतां खेळतां झोंबणारा शेजारचा मुलगा त्यास हल्लेखोर वाटतो. मोठें माणूस नसतांना मुलें व कुत्रा एकत्र असूं नयेत, मग तो वर्षभर कितीही शांत राहिलेला असो.

दंश झालाच तर वाद घालीत बसूं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पिसाळीचा रोग अंगांत उमटल्यावर मनुष्य जवळजवळ वांचतच नाहीं. वेळेवर घेतलेली लस मात्र तो होऊं देत नाहीं. हळद, चुना, तिखट जखमेंत भरण्याची चाल अजून दिसते, ती घातक आहे. माळावरून आलेल्या कुत्र्यास लस बहुधा टोंचलेली नसते, म्हणून पहिल्याच आठवड्यांत ती टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें चालू ठेवावी.

इतकें करूनही सर्वच कुत्रे घरांत मावतात असें नाहीं. ज्या घरांत रांगतें मूल आहे, जेथें दिवसभर माणसांची ये-जा आहे, किंवा ज्या कुत्र्यानें कसलीही सूचना न देतां खोल चावे घेतले आहेत, तेथें हा प्रयोग करूं नये आणि केला असल्यास थांबवावा. थांबवावा म्हणजे कुत्रा रात्रीं गाडींत घालून गांवाबाहेर सोडावा असें नव्हे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणें हा गुन्हा आहे. आंखूड साखळीला दिवसच्या दिवस बांधून ठेवणेंही त्याच कायद्यांत येतें. शिवाय सोडलेला राखणदार कुत्रा उपाशी मरत नाहीं. तो कोणाच्या तरी खळ्याचा ताबा घेतो, आणि तेथें पुढचा चावा होतो.

त्यास काम देणें हाच उत्तम तोडगा. सेनगांव वा औंढ्याकडे शेतांत शेळ्या राखणारा, कुंपण असलेला, घरीं लहान मूल नसलेला शेतकरी शोधावा. त्याला कुत्र्याच्या चाव्यांची हकीगत लपवून ठेवूं नये: कोणास चावला, केव्हां, त्यापूर्वीं काय घडलें, हें लिहून द्यावें. बरोबर लसीचें प्रमाणपत्र, ओळखीचें मुसकें आणि ती जुनी घोंगडी द्यावी. शेळ्यांशीं कुत्र्याची ओळख जाळीआडून करावी. कुत्र्यानें जाळीशीं येऊन शेळीचा वास घ्यावा आणि तेथेंच पाय पसरून निजावें, असे दोनतीन आठवडे गेले म्हणजे पहिल्यानें दिवसां, धनी जवळ असतांना, जाळी काढावी. रात्रीं कांहीं दिवस ती पुन्हां लावावी.