वाङ्मयीन वारशाचे विश्वस्त



जमिनीच्या वारसाची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर होते, घरादाराच्या वाटण्या होतात. परंतु लेखकाच्या पश्चात उरलेल्या हस्तलिखितांचे काय? पुष्कळदा ती रद्दीत जातात किंवा वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणूनच काही देशांत मृत्युपत्राद्वारे वाङ्मयीन विश्वस्त नेमण्याची प्रथा रूढ झाली. हा विश्वस्त त्या लेखनाचा मालक नव्हे, राखणदार होय. कागद जपणे, त्यांची छाननी करणे आणि ते वाचकांपर्यंत अविकृत पोहोचविणे, हे त्याचे कर्तव्य.

या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनसंग्रहाचा इतिहास बोधप्रद आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे विपुल लेखन अप्रकाशित होते. ती हस्तलिखिते प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाच्या अभिरक्षकाकडे आणि पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे पेट्यांत बंद राहिली. कागद सुरक्षित होते. पण वाचकाला ते नसल्यासारखेच होते. ते प्रकाशित करण्याची अनुमती द्यावी किंवा शासनाला तसा आदेश द्यावा, अशी मागणी नागपूरच्या एका वकिलांनी न्यायालयात केली. तो दावाही अनेक वर्षे प्रलंबित राहिला.

१९७६ साली राज्य शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती स्थापन केली. महसूल खात्यात सेवा केलेले श्री. वसंत मून तिचे विशेष कार्य अधिकारी झाले. पूर्वप्रकाशित लेखनाचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. अप्रकाशित लेखनासाठी मात्र कायदेशीर वारसांची संमती आवश्यक होती. ती मिळाल्यावर १९८१ मध्ये पेट्यांची तपासणी झाली. काही प्रकरणे अपुरी होती, काही पाने सुटी होती. संपादकांनी त्यांचा क्रम लावला. जेथे मजकूर अपुरा, तेथे तशी टीप दिली. स्वतःची वाक्ये घालून पोकळी भरून काढण्याचा मोह आवरणे, हीदेखील विश्वस्ताची मोठीच सेवा होय.

१९८७ मध्ये तिसरा व चौथा खंड प्रसिद्ध झाला. चौथ्या खंडातील राम व कृष्ण यांच्याविषयीच्या प्रकरणावरून मोठे वादळ उठले. अखेरीस त्या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप जोडून ते लेखन ग्रंथात कायम ठेवण्यात आले. विश्वस्ताची खरी कसोटी अशाच वेळी लागते. मतभेद टिपेत नोंदविता येतो. मूळ शब्दाला कात्री लावण्याचा अधिकार त्याला नाही.

गावोगावी शाहिरांच्या वह्या, शिक्षकांच्या रोजनिश्या, कीर्तनकारांची बाडे आजही माळ्यावर पडून आहेत. शिक्षकांनी त्यांची यादी करावी, ग्रामपंचायतीने व ग्रंथालयाने वारसांच्या लेखी संमतीने ती जतन करावीत. एक पेटी, एक यादी आणि एक प्रामाणिक माणूस एवढ्यावर या कार्याचा आरंभ होऊ शकतो. मात्र पेटीला कुलूप लावले म्हणजे काम संपले, असे कोणी समजू नये. लेखकाचा वारसा अखेर वाचकाच्या हाती सुपूर्द करावयाचा असतो.